सरळ केलेली चोच

ताईला धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. खोकलाही गेलाय, आईला तसंच सांग.

आपल्या नदीवरचा वाकडचोच्या राष्ट्रीय पक्षी झाला, हे कानावर आलं असेलच. उजवीकडे वळलेली चोच साऱ्या जगात त्याचीच, म्हणून त्याला निवडलं. सरकारी गणवेशावर लावायच्या त्याच्या बिल्ल्यांचं भरतकाम आमच्याच कारखान्यात आलं, पण नमुन्यात चोच सरळ. विचारलं तर साहेब म्हणाले, "राष्ट्राच्या चिन्हात व्यंग नको."

व्यंग म्हणे. ज्या चोचीपायी निवडलं, तीच यांना खुपते. मी म्हटलं, "साहेब, त्या चोचीनं तो दगडाखालचे किडे काढतो. सरळ केलीत तर उपाशी मरेल." सगळे हसले. अगदी तुझ्या शाळेतल्या पोरांसारखे. तापात तुझं तोंड वाकडं झालं आणि ती तुला वाकडचोची म्हणायला लागली. तू अजून फोटोत ओढणी तोंडावर घेतेस. का गं?

मी माझ्या वाट्याचे सगळे बिल्ले वाकड्या चोचीचेच भरले. गठ्ठे काल रवाना झाले, आज साहेबांना कळलं. उद्या बोलावलंय. कामावरून काढलं तर काढू देत, सुई कुठेही चालते. आईला मात्र यातलं काही बोलू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

सोबत एक बिल्ला पाठवतेय. ओढणी खांद्यावर घेऊन तिथेच तो टाच, म्हणजे ती तोंडापर्यंत येणार नाही. मग फोटो काढून पाठव.

तुझी,
अजून धुमसणारी धाकटी