नळवालीच्या चौथ्या अंकासाठी तीनशे नावं

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली, "जिना चढतात, पण प्रत्येक पायरीला काहीतरी बोलतात," म्हणजे प्रकृती सुधारते आहे. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला, माझ्यावरचा राग तेवढा राहिलाय.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. बँकेतली नोकरी सोडून मी 'नळवाली' नावाचं कॉमिक काढते (नळ दुरुस्त करणारी बाई, जी गळती शोधता शोधता घराघरांतली भांडणं मिटवते). तीन अंक निघाले. दुकानदारानं ते पाककृतींच्या पुस्तकांमागे ठेवले आणि "कोणी विचारत नाही हो" म्हणून परत केले. छापखान्याच्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, महिनाअखेरपर्यंत तीनशे वाचकांची नावं आणलीत तर चौथा अंक छापते, नाहीतर नाही. माझ्याकडे चाहते होते दहा. (आई धरली तर नऊ.)

त्या दहांना घरी बोलावून खरं काय ते सांगितलं, आणि सगळ्यांनी बाह्याच सरसावल्या. त्यांतल्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत प्रती ठेवल्या, पण प्रत्येकीचं शेवटचं पान काढून आपल्या खणात ठेवलं. ज्याला शेवट हवा, त्यानं आत येऊन नाव लिहायचं. (एका गृहस्थांनी त्यापायी न दुखणारी दाढ तपासून घेतली.) एका निवृत्त बाईंनी, शाळेत भाषा शिकवायच्या त्या, साठ प्रती वाटायला नेल्या आणि आधी साठही प्रतींतलं शुद्धलेखन लाल शाईनं तपासून मला दहापैकी साडेपाच गुण दिले. मी रडकुंडीला आले. आता लोक लाल शाईचीच प्रत मागतात.

खरी फजिती पोस्टरांची. शिवणकाम करणारी एक चाहती आहे, तिला आम्ही टाचणी म्हणतो. तिनं उत्साहाच्या भरात चाळीस पोस्टरं पाणीपुरवठा कचेरीच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर डकवली. पोस्टरवर नळवाली पाना रोखून विचारते, "गळतंय कुठं?" दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे छतातून बादलीत पाणी टपकत होतं, आणि माझी नजर काही केल्या तिथून हटेना.

"हसू नका," साहेब म्हणाले. "रविवारी येऊन भिंत साफ करा. स्वतःच्या हातानं."

खरं सांगते मामा, रविवारी सकाळी बादली घेऊन त्या भिंतीसमोर एकटी उभी राहिले तेव्हा वाटलं, पुरे झालं, बँकेत परत जावं. तेवढ्यात टाचणी आली, डोळे रडून सुजलेले. मागोमाग डॉक्टर, दात खरवडायची जुनी हत्यारं घेऊन. अर्ध्या तासात दहाही जण हजर. आम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून लाल शाईवाल्या बाईंनी स्टुलावर उभं राहून तिसरा अंक मोठ्यानं वाचायला घेतला, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढून. बसची वाट बघणारे थांबले. बस आली, गेली, ते तिथेच. एक आजोबा म्हणाले, "अहो, घासणं थांबवा, ऐकू येत नाही." दुपारपर्यंत भिंत लख्ख झाली आणि वहीत एकशे बारा नावं पडली, त्यात कचेरीच्या पहारेकऱ्याचंही. काल आकडा तीनशे चौदावर गेला. आज छापखान्यात मशीन सुरू झालं. पाचवा अंकही मी काढणारच, कोणी काहीही म्हणो.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. एक काम होतं. आई फक्त तुमचं ऐकते. फोन करून 'पोरीचं काम चांगलं आहे' एवढं सांगाल? चौथा अंक हाती पडण्याआधी सांगा. त्यातल्या खलनायकाच्या मिशा तुमच्या आहेत.

ता. क. २ फोन नको. आईनं मागे उभं राहून पत्र वाचलं, अंकाची चित्रं मागून घेतली आणि बराच वेळ हसली. म्हणते, मिशा डावीकडून चुकल्यात. पाचव्या अंकासाठी समोरून काढलेला एक फोटो पाठवा.