छाटलेली शेपटे

दि. ५ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी, तुझा जन्मदाता, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा दुकानांच्या पाट्या रंगविणे, हल्ली निवृत्त, लिहून देतो की, तुझ्या संगणकाने मान टाकली आहे. तू परगावी असल्याने तुझ्या पुस्तकाची चित्रे शुक्रवारपर्यंत मीच प्रकाशकांस पाठवावयाची, हे माझ्या ध्यानात आहे. परंतु एकही उघडत नाही. कशाने उघडू, असे यंत्र मलाच विचारते. ते मला ठाऊक असते, तर यंत्र कशाला हवे होते? बंद करून चालू केले. पडदा पुसला. दोन शब्द सुनावलेही. मी कशासही धक्का लावलेला नाही. उलट सर्व नीटनेटके करून ठेवले होते.

तुझी आई खुशाल आहे. मला हसते आहे.

तुझा,
बाबा

दि. ६ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

“नीटनेटके” वाचलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. माझ्या टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या तुम्ही उंचीप्रमाणे लावल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. खरं सांगा, नावांच्या शेवटची टिंब आणि इंग्रजी अक्षरं काढून टाकलीत ना? ते शेपूट पाहूनच संगणकाला कळतं की हे चित्र आहे. प्रत्येक नावापुढे टिंब, मग जे, पी, जी असं परत लावा. दुसरं काही आवरू नका, हात जोडते. माझं पहिलंच पुस्तक आहे. शुक्रवार चुकला तर ते दुसऱ्या चित्रकाराला देणार आहेत. आईला शेजारी बसवा.

तुमचीच,
ठमी

दि. ७ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आरोप मान्य. सुबक नावापुढे तसले लचांड ठेवून मी आयुष्यात एकही पाटी गिऱ्हाइकास दिलेली नाही. छाटताना यंत्र दर वेळी विचारीत होते, खात्री आहे काय? चाळीस वर्षे हात न थरथरलेल्या माणसास हा प्रश्न! मी दर वेळी ताठ मानेने होय म्हटले. आज तीच मान खाली घालून एकेक शेपूट परत चिकटविले. तुझी आई शेजारी बसून टिंब राहिले, टिंब राहिले, असे बजावीत होती. दोनदा खरोखरच राहिले होते.

सर्व चित्रे उघडली व रवाना झाली. मिळाल्याचे प्रकाशकबाईंनी दुपारी कळविले. काम तुझ्याकडेच राहिले.

आजवर मी केवळ नावे आवरीत होतो. आत काय आहे, ते पाहिले नव्हते. आज पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. कोठेही एक अक्षर नाही, तरी गोष्ट मला कळली. अक्षरांवाचून चित्र अपुरे, असे मी तुला नेहमी ऐकवीत आलो. ते विधान मागे घेतो.

लोभ वाढवावा असे म्हणण्याचे तोंड या खेपेस नाही. आहे तेवढा ठेवावा.

तुझा,
बाबा

समक्ष हजर: तुझी आई, व तिने मुद्दाम बोलावून आणलेल्या शेजारच्या शिंपीणबाई. विधान मागे घेतल्याचे दोघींनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.