चहाआधी सांगायची चूक

रामवाडी, पेण
१६ सप्टेंबर १९९७

प्रिय नंदा,

'प्रिय' लिहिलं ते हाताच्या सवयीने. तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही. काशीबाईंचे चाळीस हजार बुडाले. सागवान लागवडीच्या नावाखाली ठेवी घेणाऱ्या त्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला कुलूप आहे, मी गेल्याच आठवड्यात जाऊन पाहून आले. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, रोज दहाबारा माणसं येतात आणि कुलूप हलवून जातात. मीही हलवलं.

काशीबाई तुला माझ्या बोलण्यातूनच ठाऊक. धरमतरकडच्या मिठागरातल्या. जेट्टीवर बार्जचा दोर तुटला आणि त्यात त्यांचा नवरा गोविंदा गेला, त्याच्या भरपाईचे हे पैसे होते. त्यांना ते पोस्टात ठेवायचे होते. मीच म्हटलं, कंपनीत लवकर दुप्पट होतील. रविवारी त्यांच्या दारात बसून सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कंपनीला मी कुठं वळखतंय? तू सांगितलास म्हनून दिला."

आणि मी कुणाच्या सांगण्यावरून दिले, नंदा?

आठव जरा. आपल्याला हे पोस्टाच्या बचत एजंटचं काम कुणी शिकवलं? एजन्सीचं कार्ड दिलं, पावतीपुस्तक दिलं आणि म्हणाले, जा, लोकांना बचत करायला सांगा. पोस्टाच्या रांगेत ओळखी झालेल्या आपण नऊ बायका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेटायचं, एकदा पेणला, एकदा रोह्याला, हे तूच ठरवलंस. नियमही तुझाच होता, की महिन्यातली स्वतःची चूक सांगितल्याशिवाय कुणी चहाला हात लावायचा नाही. पहिल्याच वेळी मी रडत सांगितलं होतं की सीताबाईंच्या फॉर्मवर वारसाचं नाव लिहायचं राहिलं आणि आता त्यांच्या मुलांना पैसे मिळत नाहीत. तू माझ्या शेजारी बसून अर्ज लिहून दिलास, माझ्याबरोबर तीन वेळा अलिबागच्या मोठ्या पोस्टात आलीस. जे काही येतं ते तुझ्याकडून शिकले मी. म्हणून तर इतका संताप होतोय.

जूनची सभा माझ्या घरी होती. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, एका फॉर्मवर तारीख घालायची विसरले. आम्ही हसलो. चिमा म्हणाली, नंदाताईंच्या चुकासुद्धा नीटनेटक्या असतात. तू दोन कप चहा प्यायलीस, मी केलेल्या पोह्यांना नावं ठेवलीस आणि पाचच्या एसटीने गेलीस. दहा दिवसांनी मी काशीबाईंचा फॉर्म भरला. त्यांचा अंगठा मीच धरून उठवला.

आता भरतचं सांगते. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा, तुझाच ग्राहक. परवा शनिवारी रोह्याच्या स्टँडवर भेटला. मला म्हणाला, "कंपनीचा चेक परत आला तो म्याडमना मे महिन्यातच दाखवला. त्या म्हनल्या, कुठं बोलू नको, मी बघते." मे महिन्यात! म्हणजे जूनमध्ये माझ्या चटईवर बसून तू मूग गिळलेस. ती कंपनी आपल्यात तू आणली होतीस, आम्ही सगळ्यांनी तुला हुशार म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडाने सांगायचं, असंच ना? अगं, आठ बायका होतो आम्ही. फार तर चार दिवस बोललो असतो. तेवढं तुला सोसवलं नाही, आणि किंमत कुणी मोजली? मिठात पाय फाटलेल्या बाईने.

माझे हात स्वच्छ आहेत असं मी म्हणत नाही. पोस्टाच्या मानाने कंपनीचं कमिशन आठपट होतं, आणि त्या महिन्यात मला पंखा घ्यायचा होता. पंखा घेतला. तो लावला की मला काशीबाई दिसतात.

शनिवारची सभा तुझ्याच गावात होती, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि तू बरं नाही म्हणून निरोप पाठवलास. मी माझी चूक सांगितली, कमिशन आणि पंख्यासकट. मग भरतने सांगितलेलंही सांगितलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, नंदाचं नाव वहीतून काढा. दिपिकाने पेन उघडलं होतं. मी एकटीने नको म्हटलं. आपली मैत्री आठवून म्हटलं असं समजू नकोस. नाव काढलं असतं तर तू सुटली असतीस, पुन्हा कुणासमोर काही सांगायची वेळच तुझ्यावर आली नसती. म्हणून हे पत्र. अकरा ऑक्टोबरला सभा माझ्याकडे आहे, आणि काशीबाईंना मी बोलावलंय. तू कोण, तू काय केलंस, सगळं त्यांना सांगितलंय. त्यांनी एकच विचारलं, "ती बाय येल ना गो?" मी येईल म्हणाले.

तुझीच,
जनी