कापलेलं उत्तर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी गणिताच्या तासाला चौथीतल्या एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं आणि माझं सगळं इकडचं तिकडे झालं. तेव्हापासून मी माणसात नाही.

शिक्षक प्रशिक्षण केंद्रात नोकरीला लागल्यापासून किती तास चित्रित केले! चांगल्या शिक्षकाचा वर्ग घ्यायचा, कापून-जोडून शिक्षकांच्या पोर्टलवर चढवायचा, बाकीच्या शिक्षकांनी तो घरी बसून बघायचा आणि शिकायचं. कॅमेऱ्यामागे उभ्या उभ्या मला डुलकी लागायची. आज नाही लागली.

प्रश्न साधा होता – एक छेद तीन मोठा की एक छेद चार? दोन वेण्यांची एक पोरगी ताडकन उठली. "एक छेद चार! चार मोठा असतो ना!" वर्ग खिदळला. आणि बाई गप्प. 'चूक' म्हणाल्या नाहीत, 'बस खाली' म्हणाल्या नाहीत. हातातला खडू सुद्धा पडला. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच – "असं का वाटलं गं? सांग बरं, मला कळू दे." नंतर कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या तिच्या हातात. एकीचे तीन भाग कर, एकीचे चार. पोरगी घड्या घालत बसली आणि एकदम ओरडली, "बाई! जास्त भाग केले की बारके होतात!"

बाई कसली, माझ्याच वयाची असेल. हसली तेव्हा कॅमेरा हलला माझा.

कॉलेजात सरांनी मला फळ्यापाशी उभं करून सगळ्यांसमोर हसं केलं होतं. मी खडू आपटून निघालो तो परत गेलोच नाही. तिथे कुणी 'असं का वाटलं' एवढंच विचारलं असतं तर?

निघताना मला म्हणते, "दादा, हा माइक काढता का?"

दादा! सगळ्या भाषेत हिला दुसरा शब्द सापडला नाही!

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तिचाच तास कापत बसलो. असं काम मी आजवर केलेलं नाही. ती अडखळली ते काढलं. खडू पडला ते काढलं. ती गप्प उभी राहते ती सगळी जागा काढली – बघणाऱ्याला वाटायचं हिला काही येत नाही. पोरीचं चुकीचं उत्तर काढलं, ओघाने ती पोरगीच गेली. वर मंद संगीत. आता प्रश्न विचारला की धडाधड बरोबर उत्तरं येतात. कशी दिसते! राणी दिसते!

साहेब म्हणाले, "वा! तुझ्यात सुधारणा दिसतेय."

कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या शाळेसाठी दिलं. आमच्याकडे तशीच पद्धत.

५ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओ चढला. तिचा काही निरोप नाही. फोन उलटा ठेवला. सुलटा केला. परत उलटा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओखाली शिक्षकांचे अभिप्राय आलेत. वाचून डोकं फिरलं.

"मुलं पढवून आणलेली दिसतात."
"असे वर्ग फक्त व्हिडिओत असतात."
"चुकणाऱ्यांना मैदानात पाठवलं होतं वाटतं बाईंनी."

मी केंद्राच्याच खात्यावरून उत्तर ठोकलं – तुमच्या वर्गात कॅमेरा घेऊन येऊ का, बघू कोण किती पाण्यात आहे! साहेबांनी ते पुसायला लावलं. "खातं केंद्राचं आहे, तुझ्या तोंडाचं नाही." मी दार आपटून चहाला गेलो.

घरी वहिनीला सांगितलं. तीही शिक्षिका, हे व्हिडिओ तिलाही बघावेच लागतात. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

"भावजी, छान आहे हो. पण मी यातून काय घेऊ? माझ्या वर्गात उत्तर चुकतं, पोरं हसतात, मला सुचत नाही – तेव्हा काय करायचं ते कुठाय?"

"ते मी कापलं."

"का?"

मी भाजीत बघत बसलो. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने वहिनीकडे.

"अगोबाई," ती म्हणाली. "असं आहे होय!"

१० नोव्हेंबर, सोमवार

ती केंद्रात आली होती. मी केस नीट करेपर्यंत समोर उभी.

"ती मुलगी कुठे गेली?"

"कोण?"

"जिचं उत्तर चुकलं ती. घरी आईला शेजारी बसवून व्हिडिओ लावला तिने. 'आता मी येईन, आता मी येईन' म्हणत शेवटपर्यंत बघितला. आज मला विचारते, बाई, मी चुकले म्हणून मला काढलं का? मी काय सांगू तिला?"

मी म्हटलं, तुम्ही अडखळलेल्या दिसला असतात. लोक हसले असते.

"अडखळलेच होते मी! खरंच सुचत नव्हतं. तेच दाखवायचं होतं! माझ्यासारख्या दहाजणींना धीर आला असता."

मूळ चित्रण आहे ना, ते लावा म्हणाली. कार्ड पुसलं हे सांगावं लागलं. ती वर्गात गप्प राहते तशी राहिली. पण 'असं का वाटलं' हे मला विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलो. दुसरा तास घेऊ द्या, हा उतरवा. साहेब म्हणाले, आहे त्यात वाईट काय? मी म्हटलं, खोटा आहे, आणि खोटा मी केलाय. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ठीक आहे, याच आठवड्यात घे. जमला तर बदलू. नाही जमला तर हाच राहील, आणि परत माझ्यापुढे आरडाओरडा नको.

तिला फोन केला. म्हटलं, तोच प्रश्न घेऊ, त्या मुलीला सांगू तेच उत्तर दे म्हणून.

"चूक पाठ करून घ्यायची? वेड लागलंय का तुम्हाला?"

लागलंय. पण ते फोनवर कसं सांगणार!

नवीन धडा घेणार आहे. दशांश अपूर्णांक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोऱ्या वाजला.

ती शिकवत होती की बातम्या देत होती! वाक्यं घोटीव, पदर नीट, खडू नवा. मुलंही हाताची घडी घालून बसलेली. वेण्यांची मुलगी मागच्या बाकावर, एकदाही हात वर नाही. आणि बाई सारखी कॅमेऱ्याकडे बघायची, मग पटकन दुसरीकडे.

संपल्यावर म्हणाली, "आज काय झालं मला कळत नाही." मी म्हटलं, चांगला झाला की. "खोटं बोलू नका." नाही बोललो मग.

उद्याचा एकच दिवस उरलाय. वहिनी म्हणते, "भावजी, तिथे जाऊन तुम्ही तिच्याकडे बघता कसं? तोंड उघडं ठेवून?" काहीतरीच! मी काम करतो तिथे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कॅमेरा लावला, माइक तपासले. मुलं आत गोंगाट करत होती. तिने मला दाराशी बोलावलं.

"चालू करा आणि तुम्ही बाहेर थांबा."

माझा पारा चढला. "का? मला काम येत नाही?"

"येतं."

"मग?"

तिने खाली बघितलं. खडूने बोटं पांढरी झाली होती, ती पुसत राहिली.

"तुम्ही तिथे उभे असलात की मी मुलांना शिकवत नाही. तुम्हाला शिकवते. मुलांना कळतं ते."

कान तापले. आत गेलो, बटण दाबलं, लाल दिवा बघितला. वेण्यांच्या मुलीला खूण करून पुढच्या बाकावर बसवलं. बाईंकडे मात्र बघितलं नाही.

बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.