नवव्या कलमातला शब्द

मी, गुरुप्रसाद त्र्यंबक बुधले, वय ७१, कामगार संघटनेचा माजी अध्यक्ष, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबावाखाली मी आयुष्यात एकदाच गप्प बसलो. ते खाली येईलच.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी मीनाक्षीची.

२. पुस्तके कन्या मधुवंतीची. रद्दीत घालायची असतील तर आधी वाचावीत.

३. शोकसभेत संघटनेचा सध्याचा अध्यक्ष राजवीर याने भाषण करू नये. दोन वाक्यांचा मजकूर तो पाऊण तास ताणतो. संघटनेच्या कार्यालयात माझा फोटो लावू नये. कारण पुढीलप्रमाणे.

४. २०१३ साली शिरोलीच्या फाउंड्रीत करार झाला. तिसऱ्या कलमात कुणालाही कमी करणार नाही असे होते. नववे कलम एका लांबलचक इंग्रजी शब्दाने सुरू होत होते. संघटनेचा सचिव दिलदार शिकलगार, मोल्डर, हळूच म्हणाला, "अण्णा, ह्यो शब्द कशापाय हाय?" मी म्हणालो, "तू साच्यात लोखंड वत. इंग्रजी माझं मी बघतो." मलाही तो येत नव्हता. करारावर सही सचिवाची लागे; माझ्या भरवशावर त्याने ती केली.

चार महिन्यांत अडतीस माणसे घरी गेली. मग मी शब्दकोश उघडला. नॉटविथस्टँडिंग. त्यातल्या 'विथ'चा जुना अर्थ 'विरुद्ध'. वरचे कोणतेही कलम याच्या विरुद्ध उभे राहू शकत नाही. साध्या मराठीत, 'वर काहीही लिहिले असले तरी' कंपनी माणसे कमी करू शकते. तिसरे कलम तिथेच मेले होते.

गेटवर कुणीतरी ओरडले, "शिकलगारानं सही इकली!" माईक माझ्या हातात होता. मी बोललो नाही. दिलदारने नोकरी सोडली. आज तो कागलला वॉचमन आहे.

५. कलम ४ माझ्या मृत्यूनंतर गेटवर वाचावे, असे मी आधी लिहिले होते. मसुदा वाचून मीनाक्षी म्हणाली, "आणि तवर दिलदारभाऊंनी काय करायचं? तुमच्या मरणाची वाट बघायची व्हय?" ते वाक्य खोडून तिथे सही केली आहे. सोमवारी, १० तारखेला, दुपारी तीनला, पाळी बदलताना मी स्वतः बोलणार आहे.

काल दिलदारकडे गेलो. त्याने 'बसा' म्हटले नाही. "मी येणार न्हाय," म्हणाला. "आफशीनला धाडतो. शाळेत तिला चोराची पोरगी म्हणत हुती. तिला ऐकवा."

सोमवारपर्यंत मी उरलो नाही, तर मीनाक्षीने गेटवर जावे. आफशीन तिथे उभी असेल.

गुरुप्रसाद त्र्यंबक बुधले (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. विश्वजित सरनोबत, शेजारी
२. नौमान बागवान, निवृत्त शिक्षक

कोल्हापूर, ६ फेब्रुवारी २०२५