सांगितला असता तर छापला असता

बाबा, काल मुरबाडला तुमच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. मी शहापूरहून जीपने गेले. ‘कुणाची भीड न ठेवणारा लेखक,’ असं एक प्राध्यापक सांगत होते आणि मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. भीड तुम्ही खरंच कुणाची ठेवली नाहीत. आईचीसुद्धा.

मी लहान असताना तापाने फणफणले होते. तुम्ही पुण्याला भाषणाला गेलेले. आमच्या टोकावड्याहून मुरबाडच्या दवाखान्यात जायला एसटी आलीच नाही, तेव्हा आई मला कडेवर घेऊन भगताकडे गेली, काळा दोरा बांधून आली. परतल्यावर तुम्ही दोरा पाहिलात आणि लिहायला बसलात. रविवारी पेपरात लेख आला, माझ्याच घरात अंधश्रद्धा कशी नांदते म्हणून. आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या काकूंनी तो वाचून दाखवला, मध्येमध्ये हसत. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही जेवताय, आई भाकरी थापतेय आणि तुमच्याकडे न बघता म्हणतेय, “मला बोलायचा व्हता. पेपरात कशाला?”

“खरं लिहायला घरच्यांची परवानगी लागत नाही.”

“मंग सगला लिवायचा. पोर तापलेली तवा तुमी घरात नवते, ता पन.”

तुम्ही आमटी मागितलीत.

त्यानंतर आईने तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगणंच सोडलं. छातीतली गाठही तिने लपवली, अगदी इलाज उरला नाही तोवर. दवाखान्यात मी रडत विचारलं, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, “सांगितला असता तर छापला असता.” तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होता. तुम्ही ऐकलंत. ती गेल्यावर बायका दुखणी का लपवतात यावर तुम्ही लेख लिहिलात, लोकांनी डोक्यावर घेतला. तिचं ते वाक्य मात्र त्यात नव्हतं.

काल हेच सगळं सांगायचं, असं ठरवून मी माईककडे निघाले होते. वाटेत डोंगरावरच्या पाड्यातल्या एका म्हातारीने हात धरला. गावाने त्या पाड्यातल्या लोकांना विहिरीवर पाणी बंद केलं होतं, तेव्हा तुम्ही त्यांच्या बायकांसोबत हंडा घेऊन उभे राहिलात. दगड लागून कपाळ फुटलं, तरी हलला नाहीत. म्हातारी म्हणाली, “तुजा बापूस उबा रायला, म्हनून आमाला पानी मिलला.” हेही खरंच होतं. ती समोर बसली आणि मला आईचं काही बोलवेना. मी विहिरीचंच बोलले.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं लिहिते. सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या, बाबा. आणि मला त्या आवडल्या.