मस्ट नको, शुड म्हण

३ जून, सोमवार
परत तेच! शिकवणीच्या मॅडम म्हणाल्या, पेशंटला ‘मस्ट’ म्हणायचं नाही, तो हुकूम झाला. ‘हॅड बेटर’ तर नकोच, त्यात धमकी आहे — नाहीतर बघा! ‘शुड’ म्हणा, ‘कुड’ म्हणा, निर्णय त्याच्यावर सोडा. इतकी वर्षं वॉर्डात ‘आजोबा, गोळी घ्या मुकाट्याने’ म्हणत आले, आता परदेशी नर्सिंगच्या इंग्रजी परीक्षेसाठी जीभ वळवायची.

पास झाले की तिकडे नोकरी. दोन वर्षं एकटीने. लेक चिऊ इथेच, आजीपाशी. चार वर्षांची तर आहे.

५ जून
सरावाला सासूबाई पेशंट होतात. इंग्रजी जेमतेम, पण हौस दांडगी! आज त्यांना मधुमेह. मी गोड आवाजात म्हटलं, यू शुड कट डाउन ऑन शुगर. ‘नो! साखर नाही सोडणार, जा!’ — आणि फणकाऱ्याने तोंड फिरवलं. हसून हसून पुरेवाट. चिऊ स्टेथोस्कोप लावून आजीच्या गुडघ्याचे ठोके ऐकत होती.

९ जून
हे म्हणाले, ‘तुला जायलाच हवं. सगळं तुझ्यावर आहे.’ दीर म्हणाले, ‘वहिनी, आता माघार नाही हं.’ मला कुणी शुड म्हणत नाही, सगळे मस्टच! मी मान डोलावली, नेहमीसारखी. जीव नुसता कोंडलाय.

१२ जून
सासूबाई म्हणाल्या, आज मी नर्स, तू पेशंट. बोल, काय होतंय? मी खेळातच म्हटलं, आय डोन्ट वॉन्ट टू गो.

त्यांनी खेळ सोडून मराठीत विचारलं — ‘त्याला सांगितलंस?’

‘सांगून काय होणार, आई?’

उठून कुकर लावायला गेल्या. चिडल्या असणार.

१५ जून
ठरलं. परीक्षेत मुद्दाम मस्ट म्हणायचं. दणादण! नापास झालेलीला कोण पाठवतंय?

१७ जून
घात झाला! आणि तो मीच केला.

परीक्षेत पेशंटचं सोंग घ्यायला एक बाई बसवलेली. ऑपरेशन झालेली आई — घरी लहान मूल, आजच घरी जायचं म्हणते. तिला थांबायला समजवायचं. ‘यू मस्ट’ म्हणायला तोंड उघडलं, तर तिचे डोळे भरलेले. अश्रू खोटेच असतील, पण त्या क्षणी कुठलं सुचतंय! आवाज आपोआप खाली आला. आय थिंक यू शुड स्टे. लेकराशी फोनवर बोलता येईल, असंही वर सांगितलं. मॅडमनी शाबासकी दिली असती.

बाहेर जिन्यात बसून रडले.

४ जुलै
पास. हे सगळ्यांना फोन लावायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, ‘थांब. चिऊला मी सांभाळणार नाही. माझ्याच्यानं होत नाही आता.’

‘अगं, तूच तर हो म्हणाली होतीस!’

‘आता नाही म्हणतेय.’

त्यांच्या मांडीवर चिऊ गाढ झोपली होती. पाय जराही हलवला नाही त्यांनी.